ओहोटीचं नाव

आजारी माणसाच्या उशाशी ओहोटीचं नाव काढायचं नाही, ही चौक नावाच्या कोळी गावातल्या धाकूच्या घरची जुनी रीत. नाव काढलं की पाण्याबरोबर माणूसही जातो म्हणे! आता म्हातारा धाकू स्वतःच अंथरुणाला खिळला होता. त्याची लेक गिरिजा शहरातल्या बेव्हर्ली पार्कातला फ्लॅट बंद करून नवऱ्यासोबत माहेरी आली होती. तिचं मागणं एकच होतं: भाऊ काशीनाथ समुद्रावरून येईपर्यंत बाबांनी दम धरावा.

उन्हं वर आल्यावर काशीनाथचा मोबाइल लागला. "बोट समोरच हाय गो. पन पानी न्हाय, आत कशी घालू?"

गिरिजाने खिडकी लावून घेतली. बाबांनी पाण्याचं विचारलं तेव्हा तिने बेधडक सांगितलं, "भरती हाय."

तिचा नवरा हरिश्चंद्र मराठीचा मास्तर. शब्द दिसला की याच्या जिभेला खाज सुटलीच! धाकूला जावयाचं ते बोलणं भारी आवडायचं. दुपारी त्याने क्षीण आवाजात विचारलं, "जावईबापू, ओहोट म्हंजे काय वो? आला कुठून ह्यो शब्द?"

गिरिजाने डोळे वटारले. पण मास्तर कसला गप्प बसतोय! "प्राकृतात ओहट्ट म्हणायचे, बाबा. हळूहळू कमी होणं, मागं सरणं."

"मागं सरनं," धाकू पुटपुटला. "संपनं न्हाय?"

"नाही."

गिरिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उठा तुम्ही! बाहेर जा!" ती खेकसली आणि तिला रडूच कोसळलं.

"त्याला नको बोलू, गिरजे. भरती हाय म्हनतेस, मग कालवं काढनाऱ्या बायांचा गलका कसा येतो? भरतीला खडक उघडा असतो व्हय?"

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळत होतं. लेकीचं मन राखायला तो तिचं खोटं खरं मानल्याचं दाखवत पडला होता.

"उघड खिडकी."

तिने उघडली. लांबवर नुसता चिखल, आणि पलीकडे पाण्याची वाट बघत थांबलेली काशीनाथची बोट. धाकू बोटीकडे बघत राहिला. मग त्याचा श्वास लांबत लांबत गेला आणि थांबला.

संध्याकाळी पाणी चढलं तसा काशीनाथ ओल्या कपड्यांनी धावत आला. अंगणातली माणसं बघून दारातच थबकला.

"कवा?"

दिवसभर गिळलेला शब्द गिरिजाच्या तोंडून बाहेर पडला.

"ओहोटीला."