वर चढणारं गटार

गटाराचं पाणी खालून वर चढत नाही, हे मला समजावून सांगावं लागलं. तेही सात जणांच्या समितीला, आणि त्या सातांत पाच जण जन्मभर भात लावणारे. आमच्या गावात कुठल्याही विषयावर मोठ्यानं बोलायची कुणाला लाज वाटत नाही, पण समोर सरकारी वही उघडली की सगळे मूग गिळून बसतात. त्या वहीत काय जादू आहे ते मला आजवर उमगलेलं नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्याला लागून. बुधवारी बाजार भरतो. डोळखांबकडच्या पाड्यांवरून माणसं उतरतात, म्हणून आम्ही स्वतःला बाजारपेठ म्हणवून घेतो. २००४ साली सरकारच्या बाजारपेठ सुधारणेत आमचा नंबर लागला. लाद्या, विजेचे खांब, एक कमान, आणि एस.टी. थांब्यापासून वहाळापर्यंत, म्हणजे गावाच्या ओढ्यापर्यंत, पक्कं गटार. काम नीट होतंय ना, हे बघायला ग्रामपंचायतीनं देखरेख समिती नेमली. मी नम्रता, बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली, म्हणून समितीवर. कशासाठी घेतलं ते पहिल्याच बैठकीत कळलं. मी तोंड उघडलं तशी सरपंच देवरामदादा म्हणाले, "वैनी, तुमी जरा चहाचं बघता काय?"

चहाचं बघितलं आणि मग गटाराचंही बघायला गेले.

गटाराच्या शेवटाकडे चंद्राबाईचं घर आहे. मी तिला मावशी म्हणते. एकटी बाई, बुधवारी बाजारात सुकट-बोंबील विकते. घर कुडाचं, मातीनं लिंपलेलं, जोतं हातभर उंच. तिच्या अंगणाला लागून गटार जातं, आणि गटाराच्या पलीकडे मोकळं वरकस, म्हणजे उताराची माळजमीन, सरळ वहाळात उतरणारी. घराच्या पुढं चाळीसेक फुटांवर जमिनीत कातळ लागला. तो फोडायचा तर मेहनत. ठेकेदाराच्या माणसांनी मेहनत वाचवली आणि गटाराचा तळ कातळावरून उचलून नेला. म्हणजे आख्ख्या बाजाराचं पाणी धावत धावत मावशीच्या दारापर्यंत येणार, पुढं चढ बघणार आणि तिथंच बसणार. मग भरून तिच्या अंगणात शिरणार. कुडाच्या घराच्या जोत्याला चार दिवस पाणी लागलं की भिंत बसते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे.

"माझं घर जाईल गो," मावशी म्हणाली. "दुसरं बांधायला मला आता कोन येतंय?"

मी इंजिनीयर साहेबांना गाठलं. उपाय सोपा होता. तिच्या दारासमोर गटाराच्या पलीकडच्या भिंतीला एक मोठं भोक ठेवायचं. पाणी वरकसात उतरून वहाळाला जाईल, कातळाला हात लावायला नको.

"नकाशात नाही ते," साहेब म्हणाले.

"चढसुद्धा नकाशात नसेल ना?"

"उतार शंभराला एक आहे. कागदावर बघा."

"साहेब, पाणी कागदावरून जाणार आहे की गटारातून?"

त्यांनी घड्याळ बघितलं. माझा प्रश्न ऐकला की माणसं घड्याळ का बघतात, तेही मला कळत नाही.

मग मी म्हटलं, पाणी ओतून बघू. खरी गंमत इथं सुरू झाली. मे महिना. आमच्या तालुक्यातली धरणं भरलेली, त्यांचं पाणी मोठमोठ्या पाइपांतून मुंबईला चाललेलं, आणि आमच्या विहिरींचा तळ दिसतोय. गावाला टँकर, तोही दोन दिवसांआड. गटाराची परीक्षा घ्यायची तर पाणी लागतं, आणि गावात कुणाकडे सांडायला तांब्याभर पाणी नाही. समितीला हे फारच आवडलं.

"पावसात बघू ना वैनी," धाकलूकाका म्हणाले. ते समितीतले सगळ्यात वडीलधारे.

"पावसात घर बसल्यावर काय बघायचं, काका?"

समितीची शेवटची पाहणी ठरली होती, त्या दिवशी सकाळी टँकर आला होता. मी आमच्या घरचं पिंप हातगाडीवर घातलं आणि थेट एस.टी. थांब्यावर नेलं. टँकरच्या नळाला भांडणाऱ्या बायका भांडण थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांतली सुंदरा तर किंचाळलीच, "ह्या बाईला येड लागलं! प्यायचं पानी गटारात ओततेय!" संध्याकाळी माझा नवरा नरेंद्र कल्याणहून कामावरून आला, तेव्हा त्यालाही तेच वाटलं, फक्त तो किंचाळला नाही. दोन दिवस आम्ही शेजाऱ्यांकडून कळशी कळशी मागून काढले.

असो. पंचायतीत गेल्या गेल्या सगळ्यांनी हजेरीची सही केली, चहा झाला, आणि समिती, इंजिनीयर, ग्रामसेवक आदेश भाऊसाहेब, सगळे गटाराच्या काठाला उभे राहिले. मी पिंप आडवं केलं. पाणी धावलं, कचरा घेऊन धावलं, कमानीखालून गेलं आणि मावशीच्या दारात येऊन उभं राहिलं. पुढं सरकेना. एक चप्पल गोल गोल फिरत राहिली.

"बघा!" मी म्हटलं. इतका आनंद मला मुलाच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

सगळ्यांनी बघितलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. साहेब खाकरले आणि म्हणाले, "पाणी वाहिलं. ठीक आहे."

"वाहिलं? थांबलं ते!"

"वाहिल्याशिवाय थांबलं का ताई?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण मनात म्हटलं, लिहू दे काय लिहायचं ते. मी सही देणारच नाही.

आठ दिवसांनी काम पूर्ण झाल्याचा दाखला पंचायतीत फळ्यावर लागला. समितीनं पाण्याचा प्रवाह समाधानकारक असल्याची खात्री केली. खाली सात सह्या. सातवी माझी.

मी भाऊसाहेबांच्या टेबलावर तो कागद आपटला. ते बिचारे खरंच गोंधळले. "ताई, तुम्ही पाहणीला आलात तेव्हा सही नाही का केलीत?"

"ती हजेरीची होती!"

"तीच की. आपल्याकडे सही खाली घेतात, वर जागा सोडतात. मजकूर मी मागाहून भरतो. सगळ्यांचं असंच असतं."

सगळ्यांचं असंच असतं, आणि समितीवरची तीन वर्षं माझंही असंच होतं. प्रत्येक बैठकीत मी दारातच सही केली होती. वर काय येणार हे एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्यांवर ओरडायला माझी जीभ केवढी लांब, आणि एवढं मला सुचू नये! मला स्वतःचा इतका संताप आला की भाऊसाहेबांवर ओरडायचंच राहून गेलं.

वरच्या कचेरीत तक्रार घेऊन गेले. तिथल्या माणसानं दाखला बघितला, मग मला बघितलं. "नम्रता म्हणजे तुम्हीच ना? मग तुमचीच तक्रार तुमच्याविरुद्ध आहे बाई."

परत आले तेव्हा मावशी अंगणात बसून माती कालवत होती. जोतं वाढवत होती, वीतभर. सहीचं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"सही केलीस ना गो तू?"

हजेरीची होती, हे मी तिला सांगितलं असतं तर तिनं ऐकूनही घेतलं असतं. पण त्यानं तिच्या घराचं काय होणार होतं?

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी, गाव आडवं झालेलं असताना, मी घरातली पहार घेतली आणि मावशीच्या दारासमोर गटाराची पलीकडची भिंत फोडली. मोठी ताकद लागेल असं वाटलं होतं. पण सिमेंटात वाळूच एवढी होती, की चौथ्या घावाला भोक पडलं. मावशी दारातून बघत होती. आत जाऊन तिनं तांब्या आणला. तिच्या वाटणीच्या टँकरच्या पाण्यातला होता तो. मी अर्धा प्यायले, उरलेलं गटारात ओतलं. ते भोकातून वरकसात उतरलं आणि उतारानं गेलं. आम्ही दोघी बघत राहिलो.

फोडलेल्या भिंतीच्या पंचनाम्याला समिती अर्धा तास आधी हजर. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टेप आणला होता. भोक दोन फूट तीन इंच रुंद, दीड फूट उंच, हे तिघांनी मोजलं, चौथ्यानं पुन्हा मोजलं. चाळीस फुटांचा चढ न दिसलेल्या लोकांना इंच दिसत होते.

"सरकारी मालमत्तेचं नुकसान आहे," साहेब म्हणाले. "भिंत परवा बंद करून घेऊ. कुणी फोडली?"

"मी," मावशी म्हणाली. पहार तिच्या हातून निम्मीही उचलली गेली नसती.

"मी फोडली," मी म्हटलं. "लिहून घ्या. का फोडली तेही लिहा. पाणी थांबत होतं आणि समितीनं खोटं लिहिलं, म्हणून फोडली."

देवरामदादा साहेबांना बाजूला घेऊन गेले. समितीच्याच बाईनं असं लिहून दिलं तर चौकशी होणार, आणि चौकशीत सातही सह्या येणार, हे दोघांना एकदमच कळलं असावं. परत आले तेव्हा साहेबांचा आवाज मऊ झाला होता.

"ताई, असं करू. समितीच्या सूचनेनुसार निचऱ्यासाठी जागा ठेवली, असं लिहितो. भोक राहील. कडांना गिलावा करून देऊ."

"म्हणजे तुम्ही सगळे शहाणे ठरलात?"

"तुमी पन समितीतच आहात ना वैनी," देवरामदादा म्हणाले. "नायतर चौकशी होईल, आन तोवर भोक बंद ठेवायला लागंल. पाऊस काय चौकशीसाठी थांबंल काय?"

मला किंचाळावंसं वाटलं. खरं लिहायला लावलं तर भिंत बंद. खोटं मान्य केलं तर भोक उघडं. आजवर एवढा सरळ हिशेब मला समितीत कुणी समजावून दिला नव्हता. मी मावशीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. भोकाकडे बघत होती.

"लिहा," मी म्हटलं.

भाऊसाहेबांनी लिहिलं. देवरामदादांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, समितीनं किती बारकाईनं लक्ष घातलं ते सांगितलं, आणि जमलेल्या लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं आनंदानं.

"खोटं लिहिलं मावशी त्यांनी," मी तिला म्हटलं. "मीपन लिहू दिलं."

"लिहू दे," मावशी म्हणाली. तिनं मातीचा हात पदराला पुसला आणि अर्धवट राहिलेलं जोतं थापायला पुन्हा बसली. "तुमचा काय भरवसा नाय गो."