बाबुलालची चंची

"थे चंची काहाडा आधी कंबरेची! आज तरी मांडवात माणसासारखे या."

जमुनाबाईने नवा कुरता नवऱ्याच्या हातात कोंबला. बाबुलालचं तोंड एवढंसं झालं. नीतूच्या, त्याच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नाला दीड तास उरला होता, आणि ह्या बाईला हे सुचत होतं!

करडी गावच्या तलावावर तीस वर्षं मासे धरणाऱ्या बाबुलालची ही चंची फाटक्या छत्रीच्या काळ्या कापडाची होती. म्हणजे भिजायची चिंता नाही. तिच्यात काय ठेवायचं, याबाबत तो सून बघायला निघालेल्या सासूपेक्षा चोखंदळ. वस्तूने तीन कामं केलीच पाहिजेत, असा त्याचा कायदा होता. जाळं विणायची सुई पास झाली, नायलॉनचा हिरवा दोरा पास झाला, छोटा धारेचा चाकूही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा तर वाऱ्यात चूल पेटवण्यापासून फुटका पाइप बांधण्यापर्यंत सगळीकडे चालायचा. नापास झाला तो होणाऱ्या जावयाने, शहापूरच्या राजकुमारने दिलेला बारा पात्यांचा चकचकीत चाकू.

"बारा पाती हायेत, पन मासोळीचा एक खवला निघत नाही," असं म्हणून बाबुलालने तो कपाटात ठेवून दिला होता.

गावात कोणाची चप्पल तुटो, कोणाच्या बोटात काटा जावो, हाक बाबुलाललाच. याचा त्याला भारी अभिमान. आणि आज, लेकीसाठी काही करायचा हा शेवटचा दिवस, तर आजच रिकाम्या कंबरेने उभं राहायचं?

"पोरीले काही लागलं तं?"

"मांडवात काय जाळं फाटनार हाय? ठेवा म्हनलं ना!"

त्याने चंची खुंटीला अडकवली. कुरता घालून पुन्हा पाहतो तर खुंटी रिकामी. बायकोनेच लपवली, दुसरं काय! तो तसाच मांडवात गेला.

दुसरं मंगलाष्टक संपलं आणि राजकुमारच्या मुंडावळ्यांचा दोरा तुटून त्या नाकावर आल्या. करवल्या धावल्या. दोरा कोणाकडेच नाही. सगळ्यांच्या माना सवयीने बाबुलालकडे वळल्या. त्याचा हात कंबरेला गेला आणि तसाच परत आला. त्याला इतकं वाईट वाटलं की डोळेच भरून आले.

"बाबा."

अंतरपाटाच्या अलीकडे उभ्या नीतूने पदराखाली हात घातला आणि कंबरेची काळी चंची ओढून काढली. "तुमी खुंटीले ठेवली होती. म्हनलं, काही लागलं तं."

मांडवभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसली ती जमुनाबाई. बाबुलालची बोटं भराभर चालली आणि क्षणात मुंडावळ्या कपाळावर बसल्या. फक्त घाईत एक घोटाळा झाला, तो जेवणाच्या पंगतीत कळला.

"मामाजी, हे सुटूनच नाही राहिलं," मुंडावळ्या ओढत राजकुमार म्हणाला.

बाबुलालने जीभ चावली. "जाळ्याची गाठ पडली जी. मले दुसरी येतच नाही. कापल्याबिगर नाही निघत."

"जावई फसला रे!" पंगतीतून टेकचंद, बाबुलालचा भाऊ ओरडला.

निघताना नीतूने चंची परत करायला हात पुढे केला. बाबुलालने ती उघडून पाहिली. सुई, दोरा, चाकू, ट्यूब. सगळं जागेवर होतं. मग त्याने स्वतःच्या हाताने ती लेकीच्या कंबरेला बांधली.

"घरी गेल्यावर त्याची गाठ काप. जपून, चाकू धारेचा हाय."

"आन् तुमाले?"

"माहं पाहून घेईन मी."

गाडीच्या खिडकीत मुंडावळ्या घातलेला जावई हात हलवत होता. बाबुलाल हसत होता आणि रडतही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंग्यात बसून जाळं सोडवताना एक धागा गुंतला. हात कंबरेला गेला. तिथे काही नव्हतं. मग त्याने सकाळीच कपाटातून काढून आणलेला बारा पात्यांचा चाकू खिशातून काढला, एक पातं उघडलं आणि धागा कापला.

एक काम झालं होतं. आता आणखी दोन बघायची होती.