कप्तान बुडतो ते पान

गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, कारण ते शिंपी होते. अक्षर मात्र मास्तरांना एकही येत नव्हतं. त्यासाठी बायको होती. संध्याकाळी ते तुरपाई करत आणि ती शेजारी बसून कादंबरी वाचून दाखवी. एका बोटीच्या कप्तानाची.

कप्तान बुडतो ते पान आलं, त्याच आठवड्यात मास्तरांचा भाऊ गेला. दोघांचा कित्येक वर्षं अबोला होता. एका घरातून एका आठवड्यात दोन माणसं जाऊ नयेत, म्हणून बायकोनं कप्तानाला एक फळी दिली. बुडाल्यानंतर कप्तान दोन वर्षं ठणठणीत होता. त्यानं दुकान काढलं, रुसलेल्या भावाला भेटला.

"एवढ्याशा पुस्तकात एवढं मावतं कसं गं?"

"टाइप बारीक आहे."

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन साधं, पण नंतर महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नणंदेनं लगेच डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला, स्वतःच्या सासूसाठी.

"मग कप्तानाचं काय?" मास्तर म्हणाले. "मला वाचायला शिकव."

"अहो, या वयात?"

"वयाचं माप नको घेऊस. शिकव."

विद्यार्थी नापास व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली ही पहिलीच शिक्षिका असावी. 'क'वरच तिनं चार दिवस काढले. जोडाक्षरं 'हल्ली कोणी वापरत नाही' म्हणून गाळली. मास्तरांनी ती औषधाच्या बाटलीवरून उचलली. शेवटी तिनं पुस्तक अस्तराच्या ताग्यामागे लपवलं. शिंप्याच्या घरात अस्तरामागे काही लपत नाही.

ऑपरेशन होऊन ती घरी आली, तसे मास्तर पुस्तक घेऊन कॉटशेजारी बसले. "आपण शेवटाकडेच आलो असू," म्हणत त्यांनी शेवटची पानं उघडली. टाइप चांगला ठसठशीत होता. त्यांचं बोट ओळीखालून सरकू लागलं.

"लाट आली. कप्तान... बु... बुडाला. पुन्हा कुणाला... दिसला नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग ओशाळून हसले.

"हा तर दुकान चालवतोय! काही येत नाही गं मला. उगाच तुझा घसा शिणवला. चुकलंच ना माझं?"

हो म्हणून मान हलवली असती तर कप्तान वाचला असता, आणि मास्तरांनी पुन्हा पुस्तकाला हात लावला नसता. समजावून सांगायची तर सोयच नव्हती.

तिनं मानेनं 'नाही' म्हटलं. त्यांचं बोट धरून पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं.

"म्हणजे बुडाला?"

मान 'हो' म्हणून हलली.

"आणि दुकान?"

तिनं स्वतःकडे बोट केलं.

"भाऊ भेटला, ते?"

बोट तिथंच राहिलं.

मास्तर पानाकडे बघत बसले. भावाशी बोलणं टाकलं त्या दिवशीही ते असेच बसले होते.

मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"महिना कधी भरतोय?"

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बोट दाखवलं.

"लवकर बरी हो," मास्तर म्हणाले. "भेटल्यावर दोघं काय बोलले, ते तू सांगितलंच नाहीस."