रविवारी आवरलेली रेकॉर्ड रूम

माझ्या टेबलाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. दवाखान्याच्या रेकॉर्ड रूमची मी मुख्य, आणि राग माझ्या नाकावरच असतो.

तर वरून निरोप आला, की सोमवारी एक साहेब आमचं काम मोजायला येणार. इथे दोन माणसं पुरतात की तीन लागतात, हे ते ठरवणार. आम्ही तिघं, म्हणजे मी, पहिलवान नावाचा काडीसारखा कारकून आणि हंगामी लागलेली धाकटी. साहेब ‘तीन’ म्हणाले तर धाकटी कायम. ‘दोन’ म्हणाले तर महिनाअखेरीस घरी. तिच्या नवऱ्याचं काम नुकतंच सुटलेलं. पोरगी जीव मुठीत धरून बसली होती.

पण पाहुणा येणार म्हटल्यावर पसारा कसा दाखवायचा? मी दोघांना रविवारी बोलावलं. घरी गेलेल्या पेशंटच्या साचलेल्या फाइली लावल्या, आजारांचे कोड टाकले, डॉक्टरांना वॉर्डात गाठून राहिलेल्या सह्या घेतल्या. टेबलं अशी लख्ख झाली की मला माझंच कौतुक वाटलं.

सोमवारी साहेब आले. हातात घड्याळ, चेहऱ्याला इस्त्री. सगळीकडे फिरून म्हणाले, “वा, शिल्लक काहीच नाही! मग तिसरं माणूस करतं काय?”

धाकटी पांढरीफटक पडली. पहिलवान माझ्याकडे बघत राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीची नोकरी मी स्वतःच्या हातांनी झाडून काढली होती.

“साहेब, हे सगळं सोंग आहे,” मी म्हणाले. “काल सुट्टी असून आम्ही इथे राबलो. माझाच शहाणपणा.”

मला वाटलं, आता चिडतील. पण ते हसले. “सगळीकडे हेच, बाई. कामचुकारांपेक्षा अब्रूदार माणसांनीच मला जास्त फसवलंय. पुढच्या आठवड्यात न सांगता येतो. तोवर वेळ संपली की उठायचं. उरेल ते उरू द्यायचं.”

सांगणं सोपं होतं! ढीग रोज वाढायचा आणि मी त्याच्याकडे पाठ करून निघायचे. मला वेळेवर दारात बघून नवरा म्हणाला, “तब्येत बरी आहे ना?”

पुढच्या आठवड्यात एका सकाळी साहेब आले आणि दिवसभर घड्याळ लावून बसले. दुपारी एक डॉक्टर जुनी फाइल मागायला आले. “बाई, तुमच्या टेबलावर एवढा पसारा?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. निम्म्या फाइली त्यांच्याच सहीसाठी अडल्या होत्या! पण मी राग गिळला. “हो डॉक्टर, आमचाच आहे.”

सुटायच्या वेळी साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. “तीन,” ते म्हणाले. “आणि तेही ओढूनताणून. तसंच लिहून देतो.”

ते गेले आणि धाकटी ढसाढसा रडायला लागली. “लांब हो, फाइल भिजेल,” मी खेकसले. मलाही भरून आलं होतं, पण ते तिला कशाला दाखवू? डोळे पुसून तिने ढिगावरची पहिली फाइल ओढली.

“ताई, आज हे सगळं संपवूनच जाते.”

मी फाइल तिच्या हातातून काढून घेतली.

“ठेव ती. उद्या आहेस ना तू इथेच?”