गोबऱ्याच्या तोंडी

रोझोलिनो रोज सकाळी भांडंभर अंडी उकडायचा, आणि त्यातलं एकही माणसांसाठी नसायचं.

तो माझा चुलतभाऊ. बोट त्याची, पाहुण्यांना पाण्याखाली न्यायचं काम माझं. आमच्या आधी तो एकटाच बुडी मारून खडकापाशी सोललेली अंडी वाटून यायचा. मग आम्ही पोचलो की मोठमोठे गोबरे मासे सोडलेल्या कुत्र्यांसारखे अंगावर यायचे. राखीव समुद्रात माशांना खाऊ घालायला बंदी आहे, हे आमच्या उस्तिका बेटावरच्या कोंबड्यांनाही ठाऊक. पण पाहुणे खूश असायचे. मला मात्र त्या माशांकडे बघवत नसे. एकेकाळी कपारीतून संशयानं बघणारी ती देखणी जनावरं आता पोटं सुटलेली, हावरी, माणसाची बोटं चोखायला ओठ पुढे काढणारी. पाण्यात पिवळ्या बलकाचा गढूळ ढग, आणि त्यातून पुढे येणारी ती जाड तोंडं.

ज्या दिवशी सगळं झालं, त्या दिवशी मिलानचा मान्फ्रेदी आणि त्याची बायको जिनेव्रा आले होते. मान्फ्रेदी कसला डॉक्टर होता देव जाणे, पण महागडं घड्याळ घालणारा कुणीही रोझोलिनोच्या लेखी ‘दोत्तोरे’च.

“दोत्तोरे, असे मासे दाखवतो की घरी सांगाल तर कुणाला खरं वाटणार नाही!”

“मासे ठीक आहेत. मला ऑक्टोपस हवाय. असा, तोंडावर बसवलेला. मेव्हण्याकडे तसा फोटो आहे.”

“खाली कशालाही हात लावायचा नाही,” मी म्हटलं.

“अहो बाई, मी काय चावणार आहे का त्याला?”

“निन्फाचं मनावर घेऊ नका,” रोझोलिनो हसला. “नवरा मिळाला नाही, म्हणून माशांवर माया करते.”

जिनेव्रा कॅमेऱ्याचं झाकण घट्ट करत होती. ती हसली नाही.

खाली पाणी काचेसारखं होतं. खडकाच्या कड्यावर पंख्यासारखी लाल प्रवाळं डोलत होती, वर बाराकुडा माशांचा थवा गोल फिरत होता. त्या कड्याच्या पायथ्याशी एका भोकात ऑक्टोपसची मादी बसलेली मला माहीत होती. छताला तिच्या अंड्यांच्या माळा लोंबत होत्या, तांदळाच्या कण्या ओवाव्यात तशा. अंडी फुटेपर्यंत ही मादी काही खात नाही. नुसती त्यांच्यावर पाणी फुंकत बसते. म्हणून मी मुद्दाम लांबून वळसा घेतला. पण जिनेव्राच्या टाकीतली हवा बघायला थांबले, तेवढ्यात मान्फ्रेदी मागे वळला.

मी पाहिलं तेव्हा त्याचा हात खांद्यापर्यंत भोकात होता.

मी त्याचं मनगट धरलं. त्यानं मला कोपरानं ढकललं आणि हिसका मारला. मादी बाहेर आली. तिनं छत घट्ट धरून ठेवलं होतं, त्यामुळे माळाही तुटून आल्या. क्षणात बारक्या माशांची झुंबड उडाली. पांढऱ्या कण्या पटापट वेचल्या जात होत्या, आणि हा मनुष्य ती मादी स्वतःच्या तोंडावरच्या काचेवर दाबून बायकोला अंगठा वर करून दाखवत होता.

मी तिचा एकेक हात सोडवला. ती चुन्यासारखी पांढरी पडली होती, हातात वजनच नव्हतं. तिला भोकाकडे नेत होते तोच खालून एक गोबरा आला. माझ्या ओंजळीत काहीतरी आहे, एवढं त्याला पुरेसं होतं. माणसाच्या हातातून घ्यायची त्याला सवयच लागलेली. त्यानं तोंड उघडलं आणि माझी बोटं, मादी, सगळं आत ओढलं. मी बोटं सोडवून घेतली. ओठांबाहेर तिचे दोन हात वळवळत राहिले, मग तेही गेले.

मान्फ्रेदी टाळ्या वाजवत होता. पाण्याखाली टाळ्यांचा आवाज येत नाही, हेच नशीब.

वर आल्यावर मी बोटीच्या काठावरून ओकले.

“काय नशीब आपलं!” तो बायकोला म्हणाला. “सगळं घेतलंस ना?”

“घेतलंय,” ती म्हणाली. “तुझा हात भोकात गेल्यापासून सगळं.”

“निन्फा, हे रोज जमवता येईल का गं?” मान्फ्रेदीकडून सगळं ऐकून रोझोलिनोनं हळूच विचारलं. “ऑक्टोपस बंदरावरून आणू.”

मी तोंड पुसलं. हा माणूस लहानपणी माझ्याबरोबर खेकडे धरून परत सोडायचा.

“रोझोली, मी चालले. उद्यापासून दुसरी बघ.”

धक्क्यावर जिनेव्रा माझ्या मागून आली. तिनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या मुठीत कोंबलं. “यात तोही आहे, सकाळी बुडी मारताना तुमचा भाऊही आहे. अंड्यांसकट.”

“तुमचा नवरा आहे तो.”

“म्हणूनच सांगते, देऊन टाका.”

मी ते राखीव समुद्राच्या रखवालदारांना दिलं. रोझोलिनोची बोट त्यांनी तो सगळा मोसम बांधून ठेवली. मान्फ्रेदीलाही दंड झाला. क्रोचिफिस्सा काकू, रोझोलिनोची आई, माझ्या दारात येऊन थुंकली. “ज्याला हाड नाही अशा जनावरासाठी रक्ताचं माणूस विकलंस!”

“काकू, तुम्ही पाहिलं नाहीत.”

“मला काय पाहायचंय? माशानं माशाला खाल्लं!”

ती थुंकी मी बादलीभर पाणी ओतून धुतली. त्या हिवाळ्यात मी मामाच्या शेतात मसूर पेरायला गेले. चर्चमध्ये रोझोलिनोच्या घरचे अजून दुसऱ्या बाजूला बसतात.