होन्मा, एक

हळू उलगडा रे मला, मित्रांनो. घडीवर चिरले आहे मी. मी एक जुनी निळी ताडपत्री आहे, चटईएवढी. माझे दोन कोपरे धड आहेत आणि दोन नुसत्या चिकटपट्टीच्या जिवावर आहेत. बावीस वर्षं बर्फात आणि सिमेंटवर पडून काढली. आता बोलायचाही कंटाळा येतो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला भोकं पाडली, त्यांत पितळी कड्या ठोकल्या आणि उत्तरेकडच्या या बर्फाळ शहरात पाठवून दिलं. नोबुयासु होन्मा नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. तो रस्त्यावरचा बर्फ काढणारं मोठं यंत्र चालवायचा. मला वाटलं, यंत्राचं पांघरूण होण्याचा मान मिळणार. कसलं काय! त्याने कात्री घेतली, माझे चार तुकडे केले, तीन शेजाऱ्यांना वाटले आणि चौथा, म्हणजे मी, फुटबॉलच्या रांगेत नेऊन चिकटवला.

आमच्याकडे फुटबॉल मोठ्या घुमटाखाली खेळतात. गोलाच्या मागच्या बाकांना नंबर नसतात. जो आधी आत जाईल, त्याला पहिली ओळ. म्हणून मॅचच्या आदल्या दुपारी माणसं येतात, दाराबाहेर आपली ताडपत्री जमिनीला चिकटवतात, पांढऱ्या पट्टीवर नाव आणि किती जण येणार तो आकडा लिहितात आणि घरी जातात. त्यांच्याऐवजी रांगेत आम्ही पडून राहतो. सकाळी नऊला रांगेचा प्रमुख नावं पुकारतो. जेवढा आकडा तेवढीच माणसं. आत गेल्यावर दुसऱ्यासाठी जागा धरायचीही नाही.

बारा वर्षं हा प्रमुख होन्माच होता. एकदा एका बापाने दोन लिहिलं आणि तिघं आले, तिसरी त्याची चिमुरडी. होन्माने त्यांना रांगेच्या शेवटी धाडलं. "नियम म्हणजे नियम," एवढंच म्हणाला. लोक नावाला मानाचा 'सान' जोडून कौतुक करायचे, "होन्मासानच्या रांगेत खोट नाही." सगळ्यात पुढे असायची त्याची ताडपत्री, म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, मीही तेव्हा फुगले होते.

घरी त्याची बायको होती, फुमिए. मॅचच्या सकाळी ती सॅमन मासा भरलेले भाताचे गोळे करून बांधून द्यायची. दुसऱ्या दिवशी मला न्हाणीत घासून वाळत घालायची. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, "मी येऊ का?" तो म्हणाला होता, "तिथे गारठ्यात मरायला होतं. तुझं काम नाही ते." त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती डॉक्टरकडून आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. मी खुर्चीवर घडी होऊन पडले होते.

"दहा-बारा हातांपलीकडे सगळं धूसर झालंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, बर्फ वितळेपर्यंत हेही राहायचं नाही. अहो, मला एकदा हिरवं गवत बघायचंय."

"कंबरेएवढा बर्फ पडलाय बाहेर. गवत कुठून आणू?"

"तुमच्या घुमटात असतं ना!"

होन्माने चहाचा कप खाली ठेवला. "सोसेल का तुला?" सवयीने तो बोलून गेला. "गारठा..."

"आतही गारठा असतो?"

"आत... नाही. आत गरम असतं."

"अस्सं! आणि बावीस वर्षं मला सांगताय, गारठ्यात मरायला होतं!"

होन्मा उठला आणि वही-पेन्सिल घेऊन आला. मार्चमधली पहिली मॅच ठरली. गवत दिसायचं तर पहिलीच ओळ हवी, कठड्याला लागून. दोन तिकिटं आली.

मित्रांनो, असा बेत मी आयुष्यात पाहिला नाही. तो एकटा आधी घुमटापर्यंत जाऊन आला. बसथांब्यापासून दारापर्यंत तीनशे चाळीस पावलं, त्यांतली साठ निसरडी. घुमटाचं दार फिरतं असतं, त्यात तिचा पाय अडकेल, म्हणून बाजूचं साधं दार उघडून मिळेल का ते विचारून आला. आतल्या पायऱ्या सव्वीस. स्वच्छतागृह डावीकडे. बाटली आत नेऊ देत नाहीत, म्हणून चहा थर्मासमध्ये. सगळं वहीत उतरवलं. संध्याकाळी दोघं घरातल्या बोळात सराव करायची. ती डोळे मिटून त्याची बाही धरायची.

"डावीकडे वळ."

"माहीत आहे. घर माझं आहे."

"घुमटात नाही माहीत."

"म्हणून तर तुम्हाला धरलंय. नाहीतर तुमची बाही धरायची हौस कुणाला!" ती म्हणायची आणि दोघं हसायची. मला त्या दिवसांत म्हातारपण जरा कमी दुखत होतं.

आदल्या दुपारी होन्माने मला नेलं, दाराशी पहिल्या जागी अंथरलं, कोपरे चिकटवले. हातमोजा काढला. पांढऱ्या पट्टीवर जाड पेनाने लिहिलं, होन्मा. आणि पुढे हात आपोआप चालला. एक. बावीस वर्षांची सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती ही. मी पाहिलं हो! पण तेव्हा ओरडायला ताडपत्रीला तोंड कुठे असतं? पेनाचं टोपण लावून तो खुशीत निघून गेला.

सकाळी दोघं आली. फुमिएने नवी टोपी घातली होती. रांगेचा प्रमुख आता कुवाबारा, होन्माच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने पट्टीकडे पाहून पुकारलं, "होन्मा, एक!"

फुमिएने विचारलं, "एक कोण?"

होन्मा खाली वाकला, पट्टी वाचली आणि तसाच वाकून राहिला.

"मी नाहीच का धरलेली?" ती हळूच म्हणाली. "पावलंसुद्धा मोजलीत हो तुम्ही. साठ निसरडी."

कुवाबारा कासावीस झाला. "होन्मासान, जा तुम्ही दोघं. कोण काय म्हणतंय? मी दोन वाचतो."

"मागे दोनशे माणसं उभी आहेत. त्यांनी बरोबर लिहिलंय," होन्मा म्हणाला. "त्या पोरीला मी मागे पाठवलं होतं. आज स्वतःसाठी नियम कसा वाकवू?" आपलेच दात नि आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करणार?

"चला, दोघं मागे जाऊ," फुमिए म्हणाली. "शेवटी बसू."

"शेवटून तुला गवत दिसायचं नाही."

"नको दिसू दे."

"दिसायला हवं! पुढच्या महिन्यात कुठून दाखवू?" त्याचा आवाज फाटला. त्याने मला जमिनीवरून ओढून काढलं, त्यात माझा एक कोपरा फाटला तो असा. मला तिच्या काखेत दिलं. "बाक गार लागतो, अंथरून बस. कुवाबारा, सव्वीस पायऱ्या आहेत. आठव्या पायरीचा कठडा हलतो." आणि तो वळून शेवटाकडे चालू लागला. कुवाबाराची बाही धरून त्याच्या जागी ती आत गेली.

पहिल्या ओळीत ती माझ्यावर बसली. कठड्यापलीकडे गवत होतं, ओलं, हिरवंगार. ती "अगं बाई!" म्हणाली. मग पाच मिनिटांनी ती वळली. मैदानाकडे पाठ करून वर, मागे बघत राहिली. ढोल वाजले, गोल झाला, सगळे उभे राहिले. शेजारची बाई म्हणाली, "आजी, मैदान तिकडे आहे." ती म्हणाली, "माहीत आहे." पण वळली नाही.

परतीच्या बसमध्ये मी त्या दोघांच्या गुडघ्यांवर होते.

"दिसलं गवत?" होन्माने विचारलं.

"दिसलं. छान आहे. हिरवं आहे."

"आणि मॅच?"

"मॅच कोण बघतंय! इतकी वर्षं तुम्ही तिथे कसे बसता ते बघायचं होतं मला. किती शोधलं. वर सगळं धुकंच होतं. दिसला नाहीत हो."

"मला तू दिसत होतीस," होन्मा म्हणाला. "सगळा वेळ माझ्याकडे तोंड होतं तुझं. मी हात हलवत होतो."

थांबा आला तरी दोघं उठली नाहीत. चालकाला हाक मारावी लागली.

बर्फ वितळायच्या आधीच तिचे डोळे गेले. डॉक्टर बरोबर होते. मित्रांनो, मी थकले आहे. मला नीट घडी घाला, उन्हात टाकू नका, असं मी आता म्हणत नाही, माझं व्हायचं ते होईल. पण तुम्ही पेन हातात घ्याल, किती माणसं ते लिहायला लागाल, तेव्हा हात क्षणभर थांबवा आणि एकदा स्वयंपाकघराकडे वळून बघा.