तीन कुलपांची पेटी, सध्या बाकडं

मी पेटी बोलतेय. बसलात तरी चालेल, सगळेच बसतात. फक्त ऐकून घ्या.

किसुमू शहराजवळ, सरोवराच्या काठी, एका लोहाराने मला जुन्या पिंपाच्या पत्र्यातून ठोकून काढलं आणि तीन कड्या लावल्या. मासळी विकणाऱ्या बायकांच्या बचत गटाची मी तिजोरी. किल्ल्या तिघींकडे. दर गुरुवारी तिघी एकत्र आल्याशिवाय मी कुणाच्या बापाला उघडत नसे. म्हातारी दोर्सिला तर किल्ली कमरेला बांधूनच अंघोळ करायची.

मग फोनवर पैसे ठेवायची सोय विकणाऱ्या कंपनीचा एक गुळगुळीत माणूस आला. "मावशी, पेटी चोरीला जाते. फोनमधले पैसे कोण चोरणार?" माझ्यादेखत बोलला हे. गटाचा एक फोन झाला, कुलपांच्या जागी तीन पिन आल्या आणि मी टपरीत, फोनमधल्या पैशांच्या नोटा काढून देणाऱ्या एजंटच्या बुडाखाली गेले. याला म्हणे प्रगती.

आणि बायकांनी काय केलं? दोर्सिला दुसऱ्या किल्लीवालीला म्हणाली, "अगं अवूर, मला ती बारीक बटणं दिसत नाहीत. माझी पिन तूच दाबत जा." तिसरीनेही तेच केलं. किल्ली सख्ख्या बहिणीला न देणाऱ्या या बायांनी पिन मात्र चिमूटभर मिठासारखी देऊन टाकली. अवूर विसरू नये म्हणून मासे साफ करताना तिन्ही आकडे गुणगुणायची. तिचा नवरा ओगोला शेजारी चहा पीत ऐकायचा.

गटाची जमा पाळीपाळीने एकेकीला मिळायची; एका गुरुवारी ती पाळी गटातल्या अपोंदीची होती. मासे संध्याकाळपर्यंत सडतात म्हणून तिला फ्रीजर घ्यायचा होता. त्यासाठी दोन वर्षं थांबली होती बिचारी. आदल्या दुपारी ओगोला अवूरकडे असलेला गटाचा फोन घेऊन टपरीवर हजर.

"बायकांचे पैसे तू कसा काढतोस?" एजंटने विचारलं.

"बायकोने पाठवलंय. तू नोटा मोज, चौकशा नकोत."

खिशातून फुटबॉलच्या सट्ट्याची चिठ्ठी डोकावत होती. मी जोरात करकरले. एजंटने नुसती मांडी बदलली.

तेवढ्यात बाजारभर फोन वाजले. पैसे निघाले की गटातल्या प्रत्येकीला निरोप जातो, हे ओगोलाला ठाऊकच नव्हतं. नोटा मोजून व्हायच्या आत अख्खा मासळीबाजार टपरीवर. अपोंदीच्या हातात खवले काढायची सुरी तशीच.

"भाऊजी, माझा फ्रीजर कुठे निघाला?"

"मी फक्त फोन चालतो का बघत होतो."

"चालतो," दोर्सिला म्हणाली. "आता तू चाल."

नाइलाजाने कबूल करते, मला कुणी फोडलं असतं तर असं गाव गोळा करणं मला जमलं नसतं. पण कंपनीला शाबासकी देणार नाही. पिन कुणाला द्यायची नसते, हे त्या गुळगुळीत माणसाने कधी धड सांगितलं? त्याच्या जाहिरातीच्या चित्रांत नुसत्या हसऱ्या बायका होत्या.

अपोंदीचा फ्रीजर आला. आता गुरुवारी तिघी एजंटला उठवून आळीपाळीने माझ्यावर बसतात, अंगावरचं लेसोचं कापड डोक्यावरून ओढून घेतात आणि आपापली नवी पिन दाबतात. दोर्सिलाला वेळ लागतो. एजंट चुळबुळला की ती म्हणते, "तू तिकडे तोंड कर."

फोन खुशाल वापरा. फक्त पुढच्या वेळी कुणी गोड बोलत आला की त्याला आधी माझ्यावर बसवा आणि विचारा, "पैसे गेले तर भांडायचं कुणाशी?" नाव-पत्ता सांगेपर्यंत उठू देऊ नका.